वहीतलं त्रिकोणी घर

खारघर, नवी मुंबई
९ नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न.

बाबा, शेतावर बांधायच्या त्रिकोणी केबिनचं वहीत काढलेलं चित्र मिळालं. आकार छान आहे, पण रुंदी १२ फूट धरली आहेत ती चालणार नाही. पुढची सगळी मापं रुंदीवरच ठरतात, म्हणून आधी तेच सांगते.

त्रिकोणी घराला भिंती नसतात, जमिनीपर्यंत उतरणारी छपराची दोन पाखं असतात. तिन्ही बाजू सारख्या ठेवल्या की हिशेब सोपा होतो: कोपऱ्यापासून १ फूट आत आलं की डोक्यावर पावणेदोन फूट मिळतात. ६ फूट उंची हवी तर साडेतीन फूट आत यावं लागतं. दोन्ही बाजू मिळून ७ फूट गेले, म्हणजे १२ फुटांत ताठ उभं राहायला उरले ५. आतून बोर्डांचं लायनिंग लागलं की आणखी सुमारे १० इंच जातात आणि सव्वाचार फुटांची बोळ शिल्लक राहते. तेच १६ फूट रुंदी घेतली तर लायनिंगनंतर सव्वाआठ फूट मोकळे मिळतात. तेव्हा १६ बाय २० फूट पक्कं करू. आढं जमिनीच्या तख्तापासून साधारण १३ फूट १० इंचांवर येईल.

माळा साडेसात फुटांवर घ्यायचा. तिथली रुंदी सव्वासात फूट, आणि उंची जेमतेम सव्वासहा, तीही फक्त आढ्याच्या बरोबर खाली. म्हणजे माळा गाद्या ठेवायला आणि नातवंडांना. तुमचा दोघांचा पलंग खालीच. आई, शिडी उभीच असणार आहे, तेव्हा 'मी चढेन की' हे आत्ताच खोडून टाकते.

हा आकार बर्फाच्या मुलखात फार दिसतो. जपानमध्ये शिराकावा-गो इथली गवताच्या उभ्या छपरांची घरं १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. त्या बांधणीला 'गाश्शो' म्हणतात, म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर सुट्टीतली घरं अशी बांधायची लाटच आली. बर्फ साचू नये म्हणून तिथे उतार. आपल्याकडे शेतातली राखणीची खोपी वेगळी काय असते? पण खोपी दरवर्षी नव्याने शाकारतात, आणि हे छप्पर एकदा चढलं की वीस वर्षं त्याला हात लावायचा नाही, हा आपला हट्ट. मुरबाडच्या बाजूला पाऊस आडवा येतो, त्यामुळे खर्च करायचा तो पाखांवर आणि पायावर. आतली फरशी साधी चालेल.

सागाचे वासे नकोत. १७ फुटांचा, सरळ, पूर्ण वाळलेला, बिनगाठीचा वासा मिळणं कठीण आहे. अर्धवट वाळलेला घेतला तर दोन उन्हाळ्यांत आकसतो आणि सांधे ढिले पडतात. वाळवीचं तर बोलायलाच नको. लोखंडी चौकोनी नळी घेऊ, १०० बाय ५० मिमी, ३ मिमी जाड. कळंबोलीच्या बाजारात ६ मीटरच्या लांबीत मिळते, एक नळी साधारण ४० किलो भरते. दर ४ फुटांवर एक याप्रमाणे सहा त्रिकोण. वाशांना १२ नळ्या, तळाच्या आडव्या टायला (दोन्ही पाय जोडणाऱ्या नळीला) ६, माळ्याच्या टायला ३, अशा २१ नळ्या, म्हणजे ८४० किलो. रिपांना ५० बाय ५०, २ मिमीच्या २० नळ्या, पाखावर दर अडीच फुटांनी एक ओळ. तख्ताखालच्या जोडण्या वेगळ्या, त्यांना आणखी १० धरा.

तळाचा टाय म्हणजे नुसता जमिनीचा आधार नव्हे. छपराचं वजन आलं की दोन्ही पाय बाहेर पसरू पाहतात, त्यांना तो धरून ठेवतो. पाइप न्यायला म्हणून प्लंबरने त्यात मोठं भोक पाडू नये, एवढं लक्ष ठेवा. शिवाय १६ फुटांची ही नळी फक्त दोन टोकांवर टेकवली तर तख्त झोपाळ्यासारखं हलेल. म्हणून मधोमध खांबांची तिसरी रांग हवी. गवंडी म्हणेल, 'साहेब, दोन रांगा पुरतात.' पुरत नाहीत.

म्हणजे सहा त्रिकोणांना तीन-तीन खांब, खड्डे १८. प्रत्येक अडीच फूट चौरस, ३ फूट खोल, तळाला कडक मुरूम लागेपर्यंत. काळी माती निघाली तर आणखी खाली जायचं, कारण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि खांब उचलते. तळाला १:३:६ चं (सिमेंट, वाळू, खडी) ४ इंच काँक्रीट, त्यावर १ फूट जाड फुटिंग म्हणजे खांबाची बैठक, मग १२ बाय १२ इंचांचा खांब, जमिनीवर दीड फूट वर काढलेला. फुटिंग आणि खांब १:१.५:३ मध्ये. एकूण सिमेंट साधारण ४३ पोती लागेल, ४५ आणा. सळई सव्वादोनशे किलो: खांबात १२ मिमीच्या चार, रिंगा ८ मिमीच्या दर ६ इंचांवर, फुटिंगमध्ये १० मिमीची जाळी.

एवढ्याशा केबिनला एवढं काँक्रीट का, असं बाबा नक्की विचारणार. भार पेलायला कमीही चाललं असतं. पण मुंबई परिसरासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरतात, म्हणजे ताशी जवळजवळ १६० किलोमीटर. हलकं घर अशा वाऱ्यात दबत नाही, उचललं जातं. एका खड्ड्यातलं फुटिंग आणि खांब मिळून ६०० किलोंच्या वर भरतात. त्यांचं खरं काम केबिन खाली धरून ठेवणं. म्हणून प्रत्येक खांबात १६ मिमीचे चार बोल्ट, वर ८ इंच चौरस, १२ मिमी जाड प्लेट. बोल्ट नंतर भोकं पाडून बसवायचे नाहीत. प्लेटसारखाच भोकांचा लाकडी साचा करून, बोल्ट त्यात अडकवून काँक्रीट ओतायचं. या सगळ्या मापांवर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घेऊनच काम सुरू होईल.

आखणीच्या दिवशी दोरीवर विसंबू नका. दोन्ही कर्ण मोजा: २५ फूट आणि सव्वासात इंचांच्या किंचित पुढे. दोघांत पाव इंचापेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा आखा. इथला १ इंचाचा तिरकेपणा पुढे पाखाच्या पॅनेलमध्ये पाचरीसारखा उघडा पडतो आणि तिथूनच पाणी आत येतं. खांबांची पातळी पाणी भरलेल्या लेव्हल पाइपने घ्या, पाइपमध्ये बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं.

त्रिकोण जमिनीवर आडवे ठेवूनच जोडायचे. पहिला जोडला की त्याच्याभोवती खुंट्या ठोकून साचा करा आणि उरलेले पाच त्याच साच्यात. आढ्याच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी ८ मिमीची प्लेट. फॅब्रिकेटर घाईत असला की वेल्डिंगचा नुसता टॅक (ठिपका) मारून पुढे सरकतो. सांधा चारी बाजूंनी भरलेला आहे का, हे रंगाच्या आधी बघा, रंगानंतर सगळेच सांधे सुंदर दिसतात. नळीची उघडी टोकं टोपी लावून बंद करायची आणि सर्वांत खालच्या जागी ६ मिमीचं भोक ठेवायचं. नाहीतर आत दमट हवा पाणी सोडते आणि नळी आतून गंजते. वेल्डिंगची खपली घासून काढल्यावर इपॉक्सी झिंक प्रायमरचे दोन हात. नुसता लाल प्रायमर दोन पावसाळ्यांत फुलतो.

तयार त्रिकोण सव्वाशे किलोंचा. सहा माणसं आणि चेन पुली. उभं करताना खरा धोका वेगळाच आहे: त्रिकोण स्वतःच्या पातळीत भक्कम असतो, पण लांबीच्या दिशेने पत्त्यासारखा पडतो. पहिला उभा राहिला की त्याला दोन्हीकडून टेकू, आणि प्रत्येक पुढचा रिपांनी मागच्याला बांधायचा. दोन्ही टोकांच्या गाळ्यांत (दोन त्रिकोणांमधल्या जागेत), दोन्ही पाखांवर, १२ मिमी सळईची फुली टर्नबकलने, म्हणजे ताण द्यायच्या पेचाने, ताणून घ्यायची. ती राहून गेली तर पहिल्या वादळात केबिन एका बाजूला कलते, आणि मग दार लागेनासं झालं म्हणून सुताराला दोष देतात.

आता पाखं. नुसता रंगीत पत्रा स्वस्त, पण एप्रिलमध्ये भट्टी आणि जुलैमध्ये आत बोललेलं ऐकू येणार नाही. ५० मिमीचं पफ पॅनेल घेऊ, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं. वासा १७ फुटांचा आहे, पॅनेल साडेसतरा फुटांचं एकसंध मागवायचं, मध्ये आडवा सांधा नको. १ मीटर रुंदीची आठ आणि आठ, सोळा. एकेक ५० ते ६० किलोंचं. आपल्या बांधावरच्या वळणावर एवढा लांब माल घेऊन टेम्पो वळतो का, ते बाबांनी आधी पाहून ठेवावं.

चित्रांमध्ये छप्पर जमिनीला टेकलेलं असतं. दिसतं झकास, पण आपल्याकडे पागोळ्यांचा चिखल उडतो, पाचोळा अडकतो, वाळवीला जिना मिळतो. आपली वळचण टायच्या पुढे फूटभरच जाईल, म्हणजे जमिनीपासून तिला साधारण तेवढंच अंतर राहील. खाली पागोळ्यांच्या रेषेत खडीचा चर.

आई, तुला दार पूर्वेला हवं आहे ना? हवंच आहे. नैऋत्येचा पाऊस मागच्या अंगाला येतो, त्यामुळे काच आणि ओटा पूर्वेला, पश्चिमेची बाजू बंद. या एका बाबतीत वास्तुशास्त्र आणि पाऊस एकमताचे निघाले. पूर्वेला पाखं ३ फूट बाहेर, पश्चिमेला दीड. पॅनेल लावायला सुरुवातही पूर्वेच्या टोकापासून करायची, म्हणजे प्रत्येक जोडाचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहतं. उलट लावलं तर कितीही सिलिकॉन भरा, थेंब येणारच. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, आणि रबरी वॉशर किंचित दबेपर्यंतच आवळायचा. फुगून बाहेर आलेला वॉशर उन्हाने लवकर फाटतो. ५०० स्क्रू पुरतील. पाखात काचेची खिडकी मागू नका. ताऱ्यांसाठी ओटा आहे. तापलेली हवा आढ्याखाली साचते, म्हणून दोन्ही टोकांना उंचावर जाळीची झडप, १ बाय दीड फुटांची.

तख्ताला १८ मिमीचं आयएस ७१० (मरीन) प्लाय, ८ बाय ४ चे ११. तख्त जमिनीपासून २ फुटांवर येईल. तुमच्या गुडघ्यांसाठी उंच पायऱ्या नकोत: पाच, प्रत्येकी पावणेपाच इंचांच्या आसपास, १ फूट रुंद, दोन्हीकडे कठडा. पायऱ्यांऐवजी उतार करायचा झाला तर २ फुटांना २४ फूट लांबी लागते. समोर तेवढी जागा आहे, पुढे लागला तर करू.

संडास-बाथरूम पश्चिमेच्या टोकाला, ५ बाय ७. कमोडची पाठ पाखाकडे आणि तोंड मधल्या बाजूला, म्हणजे उठताना डोकं मोकळ्या उंचीत येतं. नळ आणि शॉवर मध्यावर. भिंतीला धरायच्या दांड्यांसाठी आतून आत्ताच लोखंडी पट्टी वेल्ड करून घेऊ, नंतर पोकळ बोर्डात स्क्रू धरत नाही. पलंगाचंही तसंच. पाखाला चिकटवला तर उठून बसताना कपाळ आपटेल. पाखाकडची कड कोपऱ्यापासून अडीच फूट आत ठेवा, मागच्या कोनात सामानाचे खण करू.

कागद मात्र सगळ्यांत आधी. 'केबिन आहे, घर नाही' म्हटल्याने परवानगी टळत नाही. ताजा ७/१२ आणि ८-अ काढा, मोजणी करून घ्या. शेतजमिनीवरच्या शेतघराचा विषय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ मध्ये येतो. त्यात क्षेत्राची अट आहे, तेव्हा तहसील कार्यालयात आपलं क्षेत्र दाखवूनच बोला.

डिसेंबरात खड्डे आणि काँक्रीट, १४ दिवस पाणी मारल्याशिवाय त्यावर लोखंड ठेवायचं नाही. जानेवारीत त्रिकोण, फेब्रुवारीत पाखं, १५ मेच्या आत दारं-खिडक्या बंद. फेब्रुवारीपर्यंत त्रिकोणच उभे नसतील तर पाया झाकून ठेवू आणि दसऱ्यानंतर सुरू करू. अर्ध्या छपरानिशी पावसाळ्यात शिरायचं नाही.

बाबा, पुढच्या रविवारी जागेवर जाल तेव्हा आंब्याच्या पलीकडे ३ फुटांचा एकच खड्डा खणून घ्या. किती खोलीवर काय लागलं ते लिहा आणि बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जिरतं ते बघा. शोषखड्डा कुठे घ्यायचा ते त्यावर ठरेल. खणताना फावडं तुम्ही धरू नका.

तुमची,
मनू