घड्याळ पोचलं

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं स्मार्ट घड्याळ पोचलं. खोकं उघडलं, घड्याळ उलटसुलट करून बघितलं आणि पुन्हा खोक्यात ठेवलं. ही बातमी तुझ्या आईनं त्याच संध्याकाळी तुला दिली असणार, कारण रात्री फोन आला तेव्हा तुझा आवाज चढलेलाच होता. "बाबा, तुम्हाला नवं काही नकोच असतं. राजकारणात नको, विज्ञानात नको, मनगटावर तर नकोच नको!" वर 'आंधळे पुराणमतवादी' म्हणून तू फोन ठेवलास. मला फोनवर भांडता येत नाही. समोरच्याचं ऐकून घेईपर्यंत माझा मुद्दा निसटतो. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, दोन बैठकांत वाच.

पुराणमतवादी म्हणालीस त्याचं काही वाटलं नाही, आहेच मी. 'आंधळा पुराणमतवादी' म्हणालीस, त्यातलं विशेषण तेवढं परत घे.

घड्याळावरूनच निघालंय तर एक जुनी गोष्ट सांगतो. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मंडळींनी १७९३ साली दिवसाचे तासच बदलून टाकले. दिवस दहा तासांचा, तास शंभर मिनिटांचा, मिनिट शंभर सेकंदांचं. हिशेबाला किती सुटसुटीत! तशी घड्याळंही बनली. काहींच्या तबकडीवर जुने आणि नवे असे दोन्ही तास होते. लोकांनी अर्थातच जुन्याकडेच बघितलं. दीड वर्षात सरकारनं माघार घेतली. मौज अशी, की ७ एप्रिल १७९५ च्या ज्या कायद्यानं हे दशमान तास बेमुदत बाजूला ठेवले, त्याच कायद्यानं मीटर, लिटर आणि ग्रॅम पक्के केले. म्हणजे त्याच डोक्यांतून निघालेल्या दोन कल्पना, कागदावर सारख्याच तर्कशुद्ध. एक मेली, दुसरी आज जगभर चालते. आणि मीटरचंही सुखासुखी झालं नाही. १८१२ साली नेपोलियननं रोजच्या व्यवहारात जुन्या मापांना पुन्हा मुभा दिली, आणि मीटर खऱ्या अर्थानं सक्तीचा झाला तो १८४० पासून.

माझा सगळा पुराणमतवाद एवढाच आहे गं. दोन्हींतलं कोणतं टिकेल हे १७९३ साली कुणालाही सांगता आलं नसतं. म्हणून नव्याचं कौतुक कानावर पडलं की मी आधी विचारतो: हे फसलं तर मागं फिरायला वाट ठेवली आहे का? ठेवली असेल तर खुशाल करा, मीही येतो. नसेल, तर हे चांगलं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी आणणाऱ्यावर, नको म्हणणाऱ्यावर नाही.

राजकारणाचं बघ. तुला वाटतं मी ठरावीक पक्षाचा. माझ्या मते लोकशाहीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हरलेल्यानं मुकाट घरी जाणं. अमेरिकेत १८०० ची निवडणूक तेव्हाचे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स हरले. ४ मार्च १८०१ ला जिंकलेले जेफर्सन शपथ घेणार, तर हे त्या पहाटेच राजधानीतून निघून गेले, समारंभाला थांबले नाहीत. रुसले, पण गेले. मला तो रुसवा फार आवडतो. २०२१ च्या ६ जानेवारीला त्याच देशात हरलेल्या अध्यक्षांचे समर्थक संसदेत घुसले. हे लोक स्वतःला परंपरेचे राखणदार म्हणवतात! दोनशे वीस वर्षांची परंपरा एका दुपारी तुडवायची आणि वर आम्हीच तिचे वारस म्हणायचं. ब्रिटनचं तसंच. १९७३ पासूनचं युरोपशी असलेलं नातं २०१६ साली ५२ विरुद्ध ४८ अशा मतांवर तोडायला निघाले, आणि तो कौल मागितला होता कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे नावानंच जुनं जपणाऱ्या पक्षाच्या सरकारनं. नातं चांगलं की वाईट, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण ज्यातून परत येणं इतकं अवघड, त्याला मतदानात निम्म्याहून एक मत जास्त पुरेसं धरायचं, ही कुठली जपणूक?

तुझ्याकडच्या मंडळींचंही मला पटत नाही. प्रत्येक निवडणूक 'शेवटची संधी', प्रत्येक प्रश्न 'आता नाही तर कधीच नाही'. सतत आग लागल्याची घंटा वाजवत राहिलं की खरी आग लागते तेव्हा लोक कूस बदलून झोपतात.

आता विज्ञान. इथं तू माझ्यावर अन्याय करतेस. माझा राग विज्ञानावर नाही, 'विज्ञान सांगतं' या दोन शब्दांवर आहे. ते सांगणारा बहुतेक वेळा वैज्ञानिक नसतो, काहीतरी विकत असतो. मार्च १९८९ मध्ये अमेरिकेतल्या यूटामध्ये दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली: काचेच्या भांड्यात, साध्या तापमानाला, सूर्यात होतं तसं अणूंचं संमीलन करून दाखवलं म्हणे. शोधनिबंध अजून छापूनही यायचा होता. जगाचा ऊर्जेचा प्रश्न सुटला म्हणून वर्तमानपत्रं नाचली. आणि हे हाणून कुणी पाडलं? माझ्यासारख्या संशयी म्हाताऱ्यांनी नव्हे. दुसऱ्या प्रयोगशाळांत तोच प्रयोग पुन्हा करून बघणाऱ्या वैज्ञानिकांनी, काही आठवड्यांत. २०१५ साली मानसशास्त्राचे शंभर प्रयोग पुन्हा करून बघितले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत मूळचा निष्कर्ष ठळकपणे पुन्हा दिसला. माझ्या फिरायला जायच्या कंपूतला एक जण हा आकडा उगारून म्हणाला, "बघा, सगळं थोतांड." मी त्याला म्हटलं, अरे, हा आकडा तुला दिला कुणी? मानसशास्त्रज्ञांनीच ना? स्वतःची चूक अशी मोजून छापणारा एक तरी पुढारी दाखव. तेव्हापासून तो माझ्याशी जरा तुटक वागतो.

मी धास्तावतो ते प्रयोगशाळेतून घाईनं बाजारात उडी मारणाऱ्या गोष्टींना. पेट्रोलमधलं शिसं घे. इंजिन ठोके देऊ नये म्हणून थॉमस मिजली या अमेरिकन माणसानं १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचं रसायन मिसळायची युक्ती शोधली. शिसं विषारी आहे हे तेव्हा काही गुपित नव्हतं. १९२४ साली कारखान्यातले कामगार विषबाधेनं मेले, तर या गृहस्थांनी पत्रकारांपुढं ते रसायन हातांवर ओतून दाखवलं, बघा, काही होत नाही! पुढं पृथ्वीचं वय मोजणाऱ्या क्लेअर पॅटरसन यांना प्रत्येक नमुन्यात नको तिथं शिसं सापडायला लागलं, आणि त्या छड्यापायी त्यांनी उद्योगांशी वैर पत्करलं. गाड्यांसाठी असलं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तो थांबला २०२१ साली. आत जायला काही वर्षं, बाहेर पडायला जवळपास शतक.

इथं तू विचारशील, "मग देवी?" तो प्रश्न मी स्वतःलाही विचारलाय. देवीचा रोग १९८० साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. त्यातून मागं फिरायची वाट नको होती आणि ती बुजवली हे लाख बरं झालं. म्हणजे माझी कसोटी सगळीकडे चालत नाही, हे कबूल. फक्त एवढंच नोंदवतो, की त्या विषाणूचे नमुने अमेरिकेत आणि रशियात एकेका प्रयोगशाळेत अजून कुलपात ठेवलेत. संशयी माणसं सगळीकडे असतात.

राहिली यंत्रं. तुला ते रक्तदाबाचं यंत्र आठवतं? आकडे दाखवायलासुद्धा त्याला फोनवरचं अ‍ॅप लागायचं, अ‍ॅपला खातं, खात्याला पासवर्ड. एक दिवस कंपनीनं ते अ‍ॅपच बंद केलं. यंत्र धडधाकट, पट्टा फुगतो, हवा सुटते, पण आकडा काही सांगत नाही. कपाटात पडून आहे. पैसे मोजले मी, पण यंत्र माझं कधी नव्हतंच. पुस्तकांचंही तेच. २००९ साली अ‍ॅमेझॉननं वाचकांच्या किंडल या वाचनयंत्रातून विकत घेतलेली पुस्तकं दूरवरून पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण पुसलेल्यांत एक पुस्तक कुठलं होतं? जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४', ज्यातलं सरकार लोकांवर नजर ठेवतं आणि जुन्या नोंदी पुसून टाकतं. अशी थट्टा मला रचूनही सुचली नसती. कागदाचं पुस्तक विकून झाल्यावर कुणी रात्री घरात शिरून फळीवरून काढून नेत नाही.

आता जे तू पुढच्या फोनवर काढणारच आहेस ते मीच लिहून टाकतो. आईच्या कानाचं नवं यंत्र. फोनला जोडायचं म्हणून मी वर्षभर नको नको म्हणत राहिलो, साधं काय वाईट आहे म्हणालो. साधं वाईट होतं. ती वर्षभर तुझ्या फोनवर 'हो, हो' म्हणत होती आणि निम्मं तिला ऐकूच येत नव्हतं. परवा ती तुझ्याशी बोलताना मध्येच हसली. तुझ्या कुठल्या तरी बारीकशा खोचक बोलण्यावर असेल. तेव्हा माझ्या लक्षात आलं की किती दिवसांत ती अशी वेळेवर हसली नव्हती. त्या वर्षाला मागं फिरायची वाट नाही, हे माझ्या हिशेबात तेव्हा बसलंच नव्हतं.

तर घड्याळ. पडलो तर तुला आपोआप कळेल, हे मान्य. मी कधी उठतो, कुठं जातो, हृदय कधी धडधडतं हे तुझ्याशिवाय आणखी कुणाकुणाला कळेल, हे मात्र खोक्यातल्या कागदावर धड लिहिलेलं नाही. तू आलीस की माझ्या शेजारी बसून यातलं काय काय बंद करता येतं ते दाखव. माझ्यासमोर, भराभरा बोटं न फिरवता. तोवर रात्री उशाशी ठेवतो आणि सकाळी फिरायला जाताना घालतो. कंपूतल्या त्यानं बघितलं, काही बोलला नाही.

मनगटाला सैल होत होतं, म्हणून काल चामड्याच्या पट्ट्याला दाभणानं एक भोक जास्त पाडलंय. त्यामुळे आता दुकानवाला काही परत घ्यायचा नाही.

तुझे,
बाबा