दिव्यांगांचे अनुदान वाढले, उत्पन्नाची अट तशीच

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतील दिव्यांगांचे अनुदान राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १५०० वरून २५०० रुपये केले. त्यावर नाशिकमध्येही एक नाराजीचा सूर ऐकू येतो. अतिवृष्टीने पिके गेली, कांद्याला भाव नाही, तिजोरीत खडखडाट आहे, मग याच लोकांना वेगळी वाढ कशासाठी? प्रश्न गैर नाही, पण त्याचे उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ प्रमाणे दिव्यांगांना मिळणारे साहाय्य तशाच प्रकारच्या इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असले पाहिजे. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. तरीही जुलै २०२३ मध्ये अनुदान १५०० झाले तेव्हा विधवा, वृद्ध आणि दिव्यांग या सगळ्यांना एकच रक्कम मिळाली. कायद्याप्रमाणे दिव्यांगांचे १८७५ व्हायला हवे होते. दरमहा ३७५ रुपयांप्रमाणे सप्टेंबर २०२५ पर्यंतच्या २७ महिन्यांत प्रत्येकाचे १०,१२५ रुपये बुडाले. आताच्या वाढीला मेहेरबानी म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब पाहावा.

खरा अन्याय रकमेपेक्षा अटीत आहे. अनुदानासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असावे लागते. मोजले जाते ते सगळ्या घराचे उत्पन्न. २०२५-२६ चा रोजगार हमीचा दर ३१२ रुपये रोज होता. या दराने घरातल्या एकट्या माणसाने वर्षात १६० दिवस काम केले की ४९,९२० रुपये होतात आणि १६१ व्या दिवशी मर्यादा ओलांडली जाते. निफाड-दिंडोरीकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधली विरळणी आणि शेवटची काढणी धरली तर द्राक्षबागेत जाणाऱ्या आईचे एवढे रोज सहज भरतात. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी आईने जास्त कामावर जावे तर मुलाचे अनुदान धोक्यात येते. त्याच राज्यात लाडकी बहीण योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. त्या योजनेवर आमचा आक्षेप नाही. पण धडधाकट बहिणीसाठी अडीच लाख आणि अंध बहिणीसाठी ५० हजार, याचे समर्थन कोणत्या तर्काने होते ते सरकारने सांगावे.

या अटीमुळे खोटेपणा वाढतो, हेही उघड बोलले पाहिजे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा अहवाल आणि मग तहसीलदाराचा दाखला अशी वाट आहे. खरे उत्पन्न लिहिले तर अर्ज बाद होतो, म्हणून आकडा ५० हजारांच्या आत बसवून आणायची रीत पडली आहे. काही ठिकाणी दिव्यांग मुलाचे रेशनकार्ड विभक्त करून तो एकटाच राहतो असे कागदावर दाखवतात. ज्याला हे जमते त्याला अनुदान मिळते. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर ज्याला हे सांगणारे कोणी नाही, तो गरीब असूनही बाहेर राहतो.

खर्चाची बाजू तर या मोजणीत कुठेच येत नाही. मणक्याला मार लागून कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला दिवसातून चार ते सहा वेळा नळीने लघवी काढावी लागते. त्याची स्वच्छता राखली नाही की मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आलाच. पुढे मूत्रपिंडावर बेतते. प्रौढांचा एक डायपर ३०-४० रुपयांच्या घरात पडतो. दिवसाला तीन धरले तरी महिन्याचे २७०० ते ३६०० रुपये होतात. वाढलेले सगळे अनुदान एवढ्यातच संपले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून लागणारी हवेची गादी, ड्रेसिंग, दवाखान्यात न्यायची रिक्षा यांचा खर्च वेगळाच. ५० हजार कमावणारी दोन घरे कागदावर सारखी दिसतात, पण ज्या घरात असा माणूस आहे ते दुसऱ्यापेक्षा कितीतरी गरीब असते. उत्पन्नाच्या दाखल्यात या खर्चाला जागाच नाही.

कठीण काळात केंद्राने काय केले तेही आठवावे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर दिव्यांगांना पाचशेच्या दोन हप्त्यांत एक हजार रुपये जाहीर झाले. पण ते फक्त केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनात असलेल्यांना, म्हणजे ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असणाऱ्यांनाच. एक पाय गमावलेला, ६० टक्क्यांचा हमाल काम बंद पडून घरी बसला तरी त्यात नव्हता. या निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा २०१२ मध्ये ३०० रुपये झाला. तो आजही ३०० रुपयेच आहे. तेल, डाळ, गॅस कुठल्या कुठे गेले, हा आकडा मात्र जागचा हलला नाही.

मंजूर झालेले पैसेही अनेकदा पोहोचत नाहीत आणि त्याचे कारण बहुधा बँकेत असते. पैसे आता डीबीटीने (थेट लाभ हस्तांतरणाने) आधारवर येतात, खाते क्रमांकावर नाही. आधार क्रमांक एका वेळी एकाच बँकेला डीबीटीसाठी जोडलेला असतो. घरच्यांनी मध्येच दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात खाते उघडून तिथे आधार जोडले, तर अनुदान तिकडे वळते आणि जुने पासबुक कोरे राहते. 'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिले की कोणती बँक जोडली आहे ते कळते. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा, नसेल तर आधी आधार केंद्र गाठावे. संकेतस्थळावर 'इनॅक्टिव्ह' दिसले तर बँकेत नुसती केवायसी करून भागत नाही, आधार सीडिंगचा, म्हणजे डीबीटीसाठी खाते आधारला जोडण्याचा, अर्ज वेगळा भरून पोच घ्यावी. दोन वर्षे व्यवहार न झालेले खातेही निष्क्रिय होते. बौद्धिक दिव्यांग मुलगा १८ वर्षांचा झाला की बँक कायदेशीर पालकत्वाचा कागद मागू शकते. तो राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतो. पालकांनी वाढदिवस उलटताच अर्ज करावा, हप्ता अडकायची वाट पाहू नये.

अनुदानाखेरीज दुसरी मदत आहे ती स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्वउत्पन्नातील दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीची. पण हिशेब करून पाहा. ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न चार लाख असेल तर निधी होतो २० हजार. गावात वीस दिव्यांग असतील तर वर्षाला माणशी एक हजार. ज्या पंचायतीची वसुलीच ५० हजार, तिथे सगळ्यांत मिळून अडीच हजार! सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीलगतचे गाव आणि पेठ तालुक्यातला पाडा यांतल्या दिव्यांगाची गरज सारखीच, वाटा मात्र गावच्या घरपट्टीवर ठरतो. जिल्हा परिषदेने आपला पाच टक्के निधी वाटताना अशा कमी वसुलीच्या पंचायतींना आधी धरावे आणि तो मार्चअखेर घाईने वस्तू खरेदीत न संपवता वर्षाच्या सुरुवातीलाच खात्यावर द्यावा.

बोगस दिव्यांगांचा मुद्दा निघतोच. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. ती खोटे प्रमाणपत्र घेऊन लाभ उचलणाऱ्यावर वापरा आणि ते विकणाऱ्यालाही सोडू नका. त्यासाठी कायमस्वरूपी प्रमाणपत्र असलेल्या, दोन्ही डोळ्यांनी अंध माणसाला पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे करण्याची गरज नाही. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा क्रमांक, ऑनलाइन पडताळता येतो, तो कार्यालयानेच पडताळावा.

आमची मागणी अशी की दिव्यांगांची उत्पन्नमर्यादा लाडक्या बहिणींइतकीच अडीच लाख करावी आणि केंद्राने आपला ३०० रुपयांचा वाटा महागाईशी जोडावा. तोवर निदान एक गोष्ट तहसील पातळीवर उद्यापासून होऊ शकते. हयातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आला नाही म्हणून कोणाचे अनुदान थांबवायचे असेल, तर आधी कारण लिहून नोटीस द्यावी आणि जो घराबाहेर पडू शकत नाही त्याच्याकडे तलाठ्याला किंवा कोतवालाला पाठवून दाखला घरीच करून घ्यावा.

आपले,
दिव्यांगांच्या अनुदान अर्जांचे काम पाहणारे कार्यकर्ते,
नाशिक