जात्याला टाकी लावणाऱ्या मावशींना

मावशी,

नमस्कार. हे पत्र तुमच्या नातवाच्या फोनवर पाठवतेय, तो वाचून दाखवेल. बाकीच्यांनाही वाचू देतेय, कारण दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या रविवारी वाड्यात जे लोक होते, त्यांच्या लेखी तुम्ही आलात, जातं दुरुस्त केलंत आणि पैसे घेऊन गेलात. तेवढंच झालं नव्हतं, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे.

आधी कबुली देते, नाहीतर पुढचे आभार खोटे ठरतील. दोन वर्षं आमचं जातं दळत नव्हतं. मुलं खुंटा धरून गरागरा फिरवायची, आईबाप फोटो काढायचे आणि जात्याभोवती पीठ पसरलेलं दिसायचं. ते पीठ कोथरूडच्या गिरणीतलं. आदल्या रात्री मीच डब्यातून नेऊन ओतायचे, कडेकडेनं, गोल, दळताना पडतं अगदी तसं. तुम्ही जात्याशी उकिडव्या बसलात, चिमूटभर पीठ बोटांत चोळलंत आणि माझ्याकडे न बघताच म्हणालात, "हे गिरनीचं हाय."

माझ्या जावेला हसू आवरलं नाही. मला मात्र परीक्षेत कॉपी करताना सापडल्यासारखं झालं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे त्या दिवशी तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं. दिवेघाट चढून गेल्यावर सासवडच्या अलीकडे आमच्या आत्याचा वाडा आहे. ती गेल्यावर विकायचा की ठेवायचा यावर बरीच डोकेफोड झाली. माझा भाऊ तेव्हा नुकताच स्टॉकहोमहून आला होता. तिथं स्कान्सेन नावाचं एक गावच उभं केलंय, १८९१ सालापासून. देशभरातली जुनी घरं उचलून आणून मांडलेली, आणि त्या घरांमधून माणसं काम करताना दिसतात: कुणी भट्टीत पाव भाजतंय, कुणी काच फुंकतंय. ऋतू बदलला की घरातली कामं बदलतात, सण बदलतात. भाऊ म्हणाला, आपण का नाही? (तो परदेशातून आला की दरवेळी "आपण का नाही" म्हणतो. या खेपेला ऐकलं, एवढंच.)

घर उचलून आणणं आपल्याला नवं नाही म्हणा. दिनकर केळकरांनी कोथरूडचा मस्तानी महाल शुक्रवार पेठेत आणून आपल्या संग्रहालयात उभा केलाच की. लहानपणी दर सुट्टीत आम्हाला तिथं नेत. ते दिवे, ते अडकित्ते, त्या वज्र्या! पण सगळं काचेच्या पलीकडे. कोल्हापूरजवळ कणेरीला सिद्धगिरी मठाचं ग्रामजीवन आहे, तिथं काच नाही, अख्खं गाव आहे. लोहार, कुंभार, न्हावी, मोट हाकणारा, सगळे हुबेहूब. फक्त ते पुतळे आहेत. आम्हाला वाटलं, आपल्या वाड्यात माणसं असावीत.

म्हणून पाच-सहा कुटुंबांनी वर्षातून चार वेळा गाव मांडायचं ठरवलं. पौष-माघात हुरडा. चैत्रात वाळवणं. भाद्रपदाच्या अमावास्येला बैलपोळा, कारण पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत तो श्रावणात नाही, भाद्रपदातच होतो. आणि दिवाळीत किल्ले. माती वाड्यातलीच, मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले आणि वर आळीव पेरलेले. तांबट आळीतले एक काका मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवर ठोके उमटवायचं काम, दाखवायला येतात. बुरुड आळीतल्या ताई सूप विणतात. हे सगळं खरं होतं, मावशी. खोटं होतं ते जातं.

ते दुरुस्त करायला माणूस शोधला नाही असं नाही. एकानं मशीननं घासून देतो म्हणून सांगितलं. बरं झालं, त्याला दिलं नाही. मग भेकराईनगरच्या पुढे रस्त्याकडेला खलबत्ते, पाटे-वरवंटे मांडून बसलेल्या तुम्ही दिसलात. जात्याला टाकी लावाल का, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं ठोकून पुन्हा खरबरीत कराल का, असं विचारलं, तर आधी तुम्ही हसलात. "जातं? त्ये कुंडीखाली ठिवत्यात ना आता?" पुण्यात ते खरंच आहे. मी तीनशेला घासाघीस करून अडीचशेवर आणलं, हेही लिहून टाकते. मॉलमध्ये कधी केली नसती.

आता ते दोन तास. वरचा दगड उचलायला आमचे तीन पुरुष पुढे झाले होते. तुम्ही त्यांना बाजूला सारलंत, दगड तिरका केलात, काठावर उभा केलात आणि पोरं टायर लोटतात तसा लोटत नेऊन पोत्यावर निजवलात. आतली बाजू गुळगुळीत, मोबाईलच्या काचेसारखी. "ह्यो दाना फोडत न्हाय, घसरवतोय," तुम्ही म्हणालात. काकणं कोपराकडे सरकवून वर फडकं बांधलंत. "डोळ्यात कच जाईल" म्हणून मुलांना पाच हात लांब केलंत आणि सुरुवात केलीत.

टाकी तर बोटाएवढी. मला वाटलं होतं हातोडा जोरात पडेल. पण तो जेमतेम वीतभर उचलला जायचा, आणि दर ठोक्याला टाकी केसभर पुढे सरकायची. काळ्या कातळावर पांढरे ठिपके उमटत गेले. तोंडाशी खोल आणि विरळ, काठाकडे बारीक आणि दाट. आमच्या सोसायटीतला एक सहावीतला मुलगा, जो एरवी फोनमधून मान वर काढत नाही, त्यानं विचारलं, सगळीकडे सारखे का नाहीत? तुम्ही हात न थांबवता सांगितलंत: तोंडाशी दाणा अख्खा असतो, तिथं तो फोडायचा; काठाला येईस्तोवर त्याचा रवा झालेला असतो, तिथं पीठ करायचं. इंजिनिअरिंगला शिकवणारे माझे दीर शेजारी उभे होते. ते म्हणाले, हे मी एका अख्ख्या तासात सांगितलं असतं.

मधेच टाकी बोथट झाली. दुसरी काढलीत, आणि पहिली दाखवत म्हणालात की टोक काढून तिला पाणी पाजणारा लोहार आता मिळत नाही, दोन-तीन महिन्यांच्या टाक्या साठवून एकदम लांब न्याव्या लागतात. आमच्या फलकावर "लोहार" लिहिलेलं होतं, खाली भात्याचं सुंदर चित्र होतं. खऱ्या लोहाराची गरज असलेलं माणूस आमच्या गावात पहिल्यांदा त्या दिवशी आलं.

मग दगड धुऊन, पुसून, जागेवर बसवून शेरभर ज्वारी दळलीत आणि ते पीठ कुणाला खाऊ दिलं नाहीत. पहिल्या दळणात कच असतो. टाकून द्यायला मी सूप उचललं, तर "कोंबड्यास्नी घाला, त्यांना कच लागतोच." दुसरं दळण खायचं. ते पीठ हातात घेतलं तर गार होतं. गिरणीचं पीठ डब्यातून घरी आणेपर्यंत कोमट असतं, हे आयुष्यभर अनुभवलं, पण गार पीठ हातात आल्यावर त्याचा विचार पहिल्यांदा केला.

तेवढ्यात सदाशिव पेठेतल्या एक आजी, ज्या सकाळपासून खुर्चीवरून हलल्या नव्हत्या, उठल्या, जात्यासमोर बसल्या आणि ओवी म्हणायला लागल्या. त्यांच्या सुनेला माहीतही नव्हतं की त्यांना ओव्या येतात. आपल्या पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे मी वाचलं होतं, पाहुण्यांना सांगतही असे. पण जातं फिरत नसेल तर ओवीला लय कुठून मिळणार? आजींचा आवाज खुंट्याबरोबर फिरत होता. थांबल्या की जातं थांबायचं, की जातं थांबलं की त्या थांबायच्या, ते मला कळलं नाही.

मी मात्र हे पत्र या सगळ्यासाठी लिहायला घेतलेलं नाही. जाताना तुम्ही ओसरीवरच्या फलकाशी थांबलात. "आपल्या गावचे बारा बलुतेदार." नातवाला वाचायला लावलंत. तो वाचत गेला, सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, आणि शेवटपर्यंत आल्यावर तुम्ही विचारलंत, "आन् आमी?"

मी जे उत्तर दिलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. म्हटलं, तुम्ही गावातले नाही ना, बाहेरून यायचात. तुम्ही शांतपणे म्हणालात, "भायेरनं यायचो म्हनून तर दहा गावची जाती टाकवली. गावातल्या कुनाला कुठं येत व्हतं?" आणि मग खालच्या आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट, की तुमच्या आज्याला ज्या गावात टाकी लावायला जायचं तिथं आधी हजेरी द्यावी लागायची, रात्रीसुद्धा.

जातं या शब्दाचं अनेकवचन जाती होतं. शाळेत पाठ केलं होतं. त्या दिवशी ते नुसतं व्याकरण राहिलं नाही.

नंतर मी वाचत बसले. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या नोंदी, हजेऱ्या, परवाने. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ च्या ३१ ऑगस्टला, तो गेला. म्हणून ती तारीख विमुक्त दिन म्हणून पाळतात. तुमचा वडार समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही तुम्ही विचारलंत म्हणून. घाटातला रस्ता, नदीचे घाट, विहिरींची बांधकामं, वाड्याची जोती यांचा दगड कुणी फोडला हे आम्ही पाहुण्यांना कधी सांगितलंच नव्हतं. वाडा दाखवताना लाकडी खांबांवरच्या कोरीव कामावर दहा मिनिटं बोलायचो आणि ज्या जोत्यावर उभं राहून बोलायचो ते मोजायचोच नाही.

फलक बदललाय. बारा बलुतेदार तसेच आहेत, शेजारी दुसरा लावलाय: टाकी लावणारे, सुया-पोत विकणाऱ्या, कल्हईवाले, नंदीबैलवाले, वासुदेव, येऊन जाणारे सगळे. १८७१ आणि १९५२ ही दोन्ही सालं त्यात आहेत. आमच्यातल्या एका गृहस्थांना ते रुचलं नाही. सहलीला आलेल्या मुलांना कशाला हे, म्हणाले. मुलांनी ते वाचलं, दोन-तीन प्रश्न विचारले आणि हुरडा खायला पळाली. गृहस्थच अजून घुटमळतायत.

आणि पौषातला तो हुरडा. तुम्हाला फोन करून मी म्हटलं होतं, या, जात्यापाशी बसा, लोकांना दाखवा, दिवसाचे पैसे देऊ. तुम्ही म्हणालात, "म्या काय पुतळा हाय का? काम असंल तर येते." कणेरीचं तर मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं! मग आम्ही येणाऱ्या सगळ्यांना निरोप धाडला: घरातला पाटा, खलबत्ता, जातं, जे बोथट झालंय ते घेऊन या. मला वाटलं चार-पाच येतील. तुम्हीच मोजले होते, तेवीस. माळ्यावरून काढलेले, गॅलरीत तुळशीखाली दडपलेले, एक बाई तर पाटा स्कूटीवर पायाशी ठेवून सिंहगड रोडवरून घाट चढून आल्या. एकीकडे आगटीत गोवऱ्यांचा धूर, गूळभेंडीची कणसं चोळायला पोरांची झुंबड, आणि दुसरीकडे तुमच्यापुढे रांग. भाव तुम्ही सांगाल तो. मी कुणाला घासाघीस करू दिली नाही, आणि माझे राहिलेले पन्नास रुपये नातवाकडे दिले ते त्यानं तुम्हाला सांगितलं नसेल तर आता कळलं.

ती रांग बघताना मला पहिल्यांदा वाटलं की आमचं गाव चालू झालं. कारण तिथं कुणी काही दाखवत नव्हतं. पाटा बोथट होता, तो टाकवून हवा होता, बस.

तर मावशी, मनापासून आभार. जात्याचे, आणि त्या दोन शब्दांच्या प्रश्नाचे त्याहून जास्त. गिरणीच्या पिठाबद्दल तुम्ही पाहुण्यांपुढे पुन्हा काही बोलला नाहीत, त्याचे वेगळे. आता मीच बोलून टाकलंय.

आता कामाचं. तुमच्या दोन टाक्या आणि लहान हातोडा ओसरीवरच राहिलाय. फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगलाय, मुलांना हात लावू देत नाही. चैत्रात वाळवणं घालायची आहेत आणि त्यासोबत या वर्षी तूर घरच्या घरी भरडायची असं सगळ्यांनी ठरवलंय. डाळीसाठी वरचा दगड किंचित उचलून घ्यावा लागतो, नाहीतर तुरीचं पीठ होतं, एवढं आत्याकडून ऐकलेलं आठवतं. मधल्या खिळीला चिंधी गुंडाळायची की आणखी काही, आणि किती, ते काही केल्या आठवत नाही. परवा मी करून बघितलं, निम्मी डाळ आणि निम्मं बेसन झालं. फोनवर सांगू नका, मला कळायचं नाही. घ्यायला गाडी पाठवते, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत.

तुमची,
कोथरूडची, गिरणीचं पीठ ओतणारी