आक्का निघाली

कोल्हापूर, रविवार रात्र

भावा,

किती दिवस पत्र नाही म्हणून चिडला असशील, तर चीड. इकडं सगळे बरे. आईची शुगर तशीच आहे. लिहायला बसलो ते आमच्या पोरीला सांभाळणाऱ्या आक्कासाठी. ती पुढच्या महिन्यात लेकाकडं इचलकरंजीला कायमची चालली. सून बाळंत व्हायची आहे.

पोरीला अजून सांगितलेलं नाही. घरात सगळे म्हणतात, ती दुपारी झोपली की आक्कानं निघायचं. चार दिवस रडेल, मग विसरेल. विसरेल कशी? स्कूटर सुरू झाली की मागून “ज्योतिबाच्या नावानं चांगभलं” म्हणते. बाहुलीची मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढते. “मी जेवलो, मी आलो” असं आक्कासारखंच बोलते, पुण्याची आत्या कितीही टोको. परवा लाईट गेली. मी शेजारीच होतो, तरी अंधारात “चांगभलं, चांगभलं” पुटपुटत राहिली. भीती वाटली की काय धरायचं, ते तिला आक्कानं दिलंय. आम्ही नाही.

तुझ्या बी.एड.चा तो बोल्बी, लेकरांच्या मनाचा अभ्यास करणारा, आठवतो? चार वर्षांचा असताना त्याला सांभाळणारी मिनी घर सोडून गेली, ते त्याला जवळजवळ आई गेल्यासारखं लागलं. मोठेपणी, १९५१ साली, जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यानंच लिहिलं की लेकराला आईची, नाहीतर आईच्या जागी कायम असलेल्या माणसाची, न तुटणारी माया लागते. रंकाळ्यावर बसवून हे ऐकवलंस आणि माझी दिलबहार-पाटाकडीलची फुटबॉल मॅच बुडवलीस. ती उधारी अजून बाकी आहे! आत्याला म्हटलं, शंभूराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचं नाव आपण साडेतीनशे वर्षांनीही घेतो, आणि आपल्या घरची आक्का चार दिवसांत पुसायची?

पण खरी पंचाईत वेगळीच आहे. झोपेत निघायचं आक्कालाच हवंय. “जागं लेकरू सोडून माझा पाय निघायचा न्हाई,” म्हणाली आणि भाकरी थापत बसली. तिला काय बोलू?

म्हणून तुला विचारतोय. शुक्रवार पेठेतली, तुला सांभाळणारी मावशी सोडून गेली तेव्हा तुला कुणी सांगितलं होतं का? नंतर कितीतरी संध्याकाळी तू दारात बसून घाटाच्या रस्त्याकडं बघायचास. त्यावर आपण कधीच बोललो नाही. माझ्या मनात आहे, आधी पोरीला इचलकरंजीचं घर दाखवावं, तिथं आक्कानं स्वतः सांगावं, आणि मग अधूनमधून नेत राहावं. तासाभराचा तर रस्ता. की दर वेळी परत निघताना तेच रडणं नव्यानं? तुला तसं नेलं असतं, तर बरं वाटलं असतं का?

बदलीचं काय झालं? वहिनींचा गुडघा? धाकट्याला दहावीला मार्क चांगले पडले, आईनं पेढे वाटले.

पत्र लिहीत बसू नकोस, फोन कर. सहानंतर कर, तोवर आक्का घरात असते.

तुझाच