दवाखान्यात बसवायच्या संगणकाबद्दल मित्रास पत्र

अंबाजोगाई,
मृगाचा पहिला आठवडा

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझ्या तीस खाटांच्या दवाखान्यात उपचाराच्या निर्णयाला मदत करणारं सॉफ्टवेअर घ्यायचं चाललंय, हे वाचून बरं वाटलं. विकायला येणारा माणूस त्यात धोक्याच्या किती हजार सूचना आहेत ते सांगेल. तू त्याला एवढंच विचार, की सूचना दिसते कुणाला?

आपल्याकडं डॉक्टर केसपेपरवर लिहितो आणि ऑपरेटर ते नंतर संगणकात भरतो. तोवर सिस्टरनं इंजेक्शन दिलेलंही असतं. मग ‘हे औषध या पेशंटला चालत नाही’ असं पडद्यावर येऊन काय उपयोग? ऑपरेटर ‘ओके’ दाबून पुढं जातो, आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही. म्हणून पेशंट समोर बसलेला असतानाच डॉक्टरनं स्वतः संगणकावर औषध लिहायचं, ही सवय आधी लाव. गर्दीच्या ओपीडीत ते जमत नसेल, तर निदान वॉर्डात डोस तपासायचं संगणकाचं पान सिस्टरच्या टेबलावर उघडं ठेव. औषध सिरिंजमध्ये भरण्याआधी चूक तिथंच शेवटची पकडता येते.

सूचनाही मोजक्याच चालू ठेव. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात डॉक्टर औषधांचे 49 ते 96 टक्के इशारे बाजूला सारतात असं दिसलं होतं. दर चिठ्ठीला लाल चौकट आली की माणूस वाचणं सोडून देतो, आणि खरा धोका त्याच ढिगात निसटतो.

चालू ठेवावी अशी एक सूचना किडनीची. 70 वर्षांची आजी, वजन 42 किलो, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) 1.2. रिपोर्ट पाहून कुणी थबकणार नाही. पण 140 मधून वय वजा कर, वजनानं गुण, 72 गुणिले क्रिएटिनिननं भाग आणि बाई म्हणून 0.85 नं गुण: किडनी मिनिटाला जेमतेम 29 मिलिलिटर रक्त साफ करते, असा अंदाज निघतो. अशा आजीला जेंटामायसिन हे अँटिबायोटिक नेहमीच्या डोसनं आणि वर गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी दिली, तर उरलीसुरली किडनीही जाऊ शकते. मात्र वजन काट्यावर घे. अंदाजानं 50 टाकलंस तर तेच उत्तर 34 येतं, आणि उत्तर 30 च्या खाली आलं की वाजायचा इशारा गप्प राहतो.

लेकरांच्या डोसाचंही तसंच. पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम धरलं तर 10 किलोच्या लेकराला 150. हे 5 मिलीत 125 च्या सिरपमधून 6 मिली होतं, आणि 250 च्या सिरपमधून 3 मिली. संगणकानं पहिलं धरून ‘6 मिली’ छापलं आणि मेडिकलवाल्यानं दुसरी बाटली दिली, की डोस दुप्पट. तुझ्या मेडिकलमध्ये खरोखर असलेला साठाच यादीत टाक आणि चिठ्ठीवर मिलीसोबत बाटलीची ताकदही छापून येऊ दे. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात अशा जोडगोळ्यांचं ब्रँडनाव आतल्या प्रत्येक औषधाशी जोडलेलं आहे का, तेही तपास. नसेल तर दोन गोळ्यांतलं तेच पॅरासिटामॉल संगणकाला दिसत नाही.

अ‍ॅलर्जीच्या रकान्यात ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘विचारलं नाही’ असे तीन पर्याय हवेत. रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’, असं धरणारं सॉफ्टवेअर घेऊच नको.

आता सापाचं. पेरणीचे दिवस आलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. विषानं रक्त गोठणं थांबलंय का ते पाहायला कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली ताजं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं नळी हलवायची नाही, मग एकदाच तिरपी करून पाहायचं. गोठलं नसेल तर प्रतिविषाच्या 10 कुप्या, लेकरालाही तेवढ्याच, आणि 6 तासांनी पुन्हा चाचणी. ही वेळ सांभाळायला संगणक फार उपयोगी, कारण माणूस 20 मिनिटांच्या आतच नळी उचलून बघतो. पण नळी प्लॅस्टिकची होती की साबणानं धुतलेली, हे त्याला कळत नाही, आणि दोन्हींत रक्त चांगलं असूनही गोठेलच असं नाही. म्हणून नळीबद्दलचा प्रश्न त्या पानावर घालून घे. दुसरी चूक याहून घातक आहे. रक्त गोठलं की पान हिरवं होऊन बंद होतं. मण्यारीच्या दंशात रक्त गोठतंच! जागेवर बहुधा सूज नाही, खूण नाही. रात्री भुईवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो आणि पापण्या जड व्हायला लागतात. पापण्या, गिळणं, श्वास यांबद्दल विचारल्याशिवाय ते पान बंद होता कामा नये. शिवाय पहिल्यांदा गोठलं तरी चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते, त्याचाही गजर लाव.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बीपी-शुगरच्या नोंदी दिवाळीनंतर तुटतात. संगणक त्यांना ‘औषध चुकवणारे’ म्हणेल. त्यांच्यासाठी ‘कारखान्यावर’ असा शेरा ठेव आणि जाताना औषधांची छापील चिठ्ठी हातात दे.

लाइट जाते तेव्हासाठी साप, विंचू, झटके आणि लेकरांचे डोस लॅमिनेट करून भिंतीला लाव. पहिले दोन महिने दर शनिवारी बाजूला सारलेल्या सूचनांची यादी काढ. एकच सूचना दहांपैकी नऊ वेळा सारली जात असेल, तर ती बंद कर किंवा तिचा आकडा बदल. पहिली यादी निघाली की मला पाठव. आपण फोनवर ओळ न् ओळ पाहू.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच