केली मॅडम, आमच्या गॅरेजच्या भिंतीकडूनही आभार

केली अमाँटे हिलर मॅडम यांना,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुम्हाला मराठी येत नाही, हेही ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहितेय, कारण आमच्या मंडळातल्या मैत्रिणी अजून विचारतात, "तुझी लेक ती जाळीची काठी घेऊन काय खेळते गं?" या निमित्ताने त्यांनाही कळेल.

आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो, तुम्ही ज्याच्या महिला लॅक्रॉस संघाच्या प्रशिक्षक आहात त्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठापासून अर्ध्या तासावर. लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. नववीत लेकीला त्याचं वेड लागलं म्हणून तिला एका क्लबात घेऊन गेले. तिथल्या माणसाने फक्त वय विचारलं. पळून दाखव, असंसुद्धा म्हणाला नाही. बाकीच्या मुली दुसरी-तिसरीपासून खेळतात, आता उशीर झाला, म्हणाला. परत येताना गाडीत ती चकार शब्द बोलली नाही. खरं सांगते, मला जरा हायसंच वाटलं होतं. फी वाचली, अभ्यास तरी होईल.

चार दिवसांनी रात्री मी ओटा पुसत होते, तर ही फोन घेऊन समोर उभी. "आई, हे वाच." कोस्टर आडनावाच्या जुळ्या बहिणींची गोष्ट होती. विद्यापीठाने 1992 साली बंद केलेला महिला संघ 2002 मध्ये तुम्ही पुन्हा मैदानात उतरवलात. हाताशी तयार खेळाडू कुठून असणार? कॅम्पसवर पळताना दिसली म्हणून तुम्ही त्यातल्या एकीला हटकलंत, आणि दोघी बहिणी संघात आल्या. तोवर लॅक्रॉस दोघींनाही माहीत नव्हतं. 2005 मध्ये तुमच्या संघाने 21 पैकी 21 सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा दोघी त्यात होत्या. तुम्ही स्वतः मेरीलँड विद्यापीठाकडून 1995 आणि 1996 च्या विजेत्या संघांत खेळलेल्या. तयारीच्या खेळाडू कशा असतात ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी तुम्ही आधी पळणारे पाय पाहिलेत.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गॅरेजच्या भिंतीवर धप्प, धप्प सुरू झालं. उजव्या हाताने शंभर, डाव्याने शंभर. बायकांच्या स्टिकची जाळी उथळ असते, चेंडू टुपकन बाहेर पडतो. म्हणून पळताना स्टिक सतत मनगटाने हलवत राहायची, बाळाला जोजवतात तशी. याला क्रेडल म्हणतात. माझी लेक भांडी लावतानासुद्धा डावाने क्रेडल करायची. एकदा वरणाचा डाव होता.

आमच्या घरातली लाडकी गोष्ट मात्र चपलांची. तो 2005 चा संघ व्हाइट हाउसला गेला, तेव्हा काही मुलींच्या पायांत साध्या रबरी चपला होत्या आणि पेपरांनी केवढा गहजब केला! माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बाहेर काढून ठेवल्या असत्या तर कोणी बोललं नसतं." मुलींनी पुढे त्या चपलांचा लिलाव केला, मेंदूच्या ट्यूमरशी झुंजणाऱ्या त्यांच्या छोट्या मैत्रिणीसाठी.

2009 पर्यंत ओळीने पाच विजेतेपदं, मग 2011, 2012. आणि नंतर दहा वर्षं काही नाही. त्या काळातला 2022 चा उपांत्य सामना आम्ही पाहिला. नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध तुम्ही 13-5 ने पुढे होतात. मी निवांत चहा टाकायला उठले. परत येते तो लेक कपाळावर हात मारून बसलेली. 14-15 ने गेला सामना. चहा तसाच निवला. मला वाटलं, आता ही स्टिक माळ्यावर जाणार. अर्ध्या तासाने भिंतीवरून धप्प, धप्प ऐकू आलं. पुढच्या वर्षी बोस्टन कॉलेजला 18-6 ने हरवून तुम्ही आठवं विजेतेपद आणलंत, पण मला विचाराल तर त्या चहाच्या दिवसाचे आभार जास्त.

लेक काही तुमच्या संघात आली नाही, तेवढी ती चांगलीही नाही. शाळेच्या संघात तीन वर्षं बचावाला खेळली, आता कॉलेजच्या क्लबात खेळते. मागच्या वसंतात तळ्याकाठच्या तुमच्या फील्डहाउसमध्ये आम्ही दोघी सामना बघायला आलो होतो. सामना संपल्यावर तुम्ही कठड्यापासून दहा पावलांवर होतात. लेक मला ढकलत होती, "जा ना, बोल." मी थर्मासचं झाकण लावत बसले.

म्हणून हे पत्र. गॅरेजच्या भिंतीला यंदा रंग द्यायचाय, पण छातीच्या उंचीवरचा तो काळा, गोल डाग तसाच ठेवायला सांगितलाय.

आपली,
शिकागोजवळची एक आई