मलबार हिलच्या तीन विधवा आणि आमच्या वकीलबाई

आदरणीय वकीलबाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या वाचनगटात आलात त्या दिवशी गुलाबाचं फूल देऊन आणि चहा पाजून आम्ही तुमचे आभार मानले. माझं मन तेवढ्याने भरलं नाही. त्या दुपारी तुम्ही आम्हाला काय दिलंत ते गटाबाहेरच्या वाचकांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही २०१८ सालची इंग्रजी रहस्यकथा आम्ही वाचायला घेतली होती. काळ १९२१चा, गाव मुंबई. परवीन मिस्त्री ही पारशी मुलगी वडिलांच्या फर्ममध्ये सॉलिसिटर आहे, पण बाई असल्यामुळे कोर्टात उभं राहून युक्तिवाद करायची तिला मुभा नाही. ओमर फरीद या गिरणीमालकाच्या तीन विधवा मलबार हिलवरच्या बंगल्यात पडद्यात राहतात. तिघी आपली मिळकत वक्फला देऊन टाकायला तयार आहेत, असा कागद फर्मकडे येतो. त्यावरच्या सह्या बघून परवीनला शंका येते, ती बंगल्यावर जाते आणि लवकरच तिथे खून पडतो. तपासात तिच्या सोबतीला ऑक्सफर्डची मैत्रीण ॲलिस असते, गणितात हुशार आणि बोलायला फटकळ.

पुस्तक वाचून होईपर्यंत आमच्या गटात सरळ दोन तट पडले होते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंझार आणि काळापहाड वाचत वाढलेले आमचे काका म्हणाले, खून पडायलाच एवढी पानं लागतात तर हिला थरारकथा कशाला म्हणायचं? एकीला मधूनमधून येणारा, परवीनच्या लग्नाचा १९१६चा कलकत्त्याचा भाग नकोसा झाला होता, तर दुसरी म्हणत होती की पुस्तकाचा जीव त्याच भागात आहे. कॉलेजातल्या मुलीची तक्रार वेगळी होती. रोजच्या जेवणातले पदार्थसुद्धा परदेशी वाचकाला समजावून सांगितल्यासारखे येतात, आपल्याला ते कशाला? आणि सगळ्यांत जोरकस मत एका ताईंचं होतं. ही कसली डिटेक्टिव्ह, नुसते कागद चाळत बसते!

आवाज चढले आणि चर्चा ‘आवडलं’, ‘नाही आवडलं’ यातच अडकून पडली. तेव्हा कोणीतरी तुमचं नाव सुचवलं. दिवाणी कोर्टात इतकी वर्षं काढलेल्या बाई, त्या आल्या तर निदान कागदांचं तरी सांगतील, एवढीच अपेक्षा होती.

तुम्ही अख्खी कादंबरी वाचून आलात, तीही पानापानावर पेन्सिलीने खुणा करून. बसल्या बसल्या विचारलंत, “खून बाजूला ठेवा. या पुस्तकातला पहिला गुन्हा कुठे घडतो?” कोणालाच सांगता येईना. मग तुम्हीच सांगितलंत की तो त्या सह्यांपाशी घडतो.

त्यानंतर तुम्ही जे समजावून दिलंत ते मी वहीत उतरवून घेतलं आहे. मेहेर म्हणजे निकाहात बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम, नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्जच. तो गेला की वाटणीच्या आधी ते इस्टेटीतून फेडायचं. वारसाहक्काने विधवेला मिळतं ते थोडंच, मुलं असतील तर सगळ्या विधवांना मिळून १/८. म्हणजे मेहेर ही त्या बायकांची खरी स्वतःची पुंजी, आणि नेमकी तीच सोडायला त्यांना सांगितलं जात होतं. पडदानशीन बाईने सही केलेल्या दस्ताबद्दल त्या काळच्या कोर्टांचा नियम कडक होता, हेही तुम्ही सांगितलंत. नुसती सही पुरेशी नाही. त्या दस्तावर जो हक्क सांगतो त्यानेच सिद्ध करायचं की मजकूर बाईला वाचून दाखवला होता, तिला तो समजला होता आणि तिने आपल्या मर्जीने मान्य केला होता. आता हे तिला विचारणार कोण? पुरुष वकील जाळीच्या पलीकडे जाऊ शकत नाही, पोलीसही नाही. तिथे बाईच हवी.

एवढं ऐकल्यावर परवीनचं कागद चाळणं आम्हाला वेगळंच दिसायला लागलं. माझं स्वतःचं मत सांगते. बाई डिटेक्टिव्ह असलेल्या कितीतरी कथांत तिच्या जागी पुरुष घातला तरी एक ओळ बदलावी लागत नाही. इथे परवीनला काढा, कथा दारातच थांबते. हे माझ्या ध्यानात आलं ते तुमच्यामुळे.

मग तुम्ही पिशवीतून हक्कसोडपत्राची एक जुनी झेरॉक्स काढलीत, नावं काळ्या शाईने झाकलेली. ती हातोहात फिरली. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला व मान्य आहे. खाली डाव्या हाताचा अंगठा, एका कडेला फरकटलेला. तुम्ही त्याच्या शेजारच्या अक्षरावर बोट ठेवलंत. अंगठ्यापुढे बहिणीचं नाव लिहिणारा हात आणि वर भावाची सही करणारा हात एकच होता. साक्षीदार दोन्ही भावाच्याच बाजूचे. “मलबार हिल फार लांब नाही,” एवढंच तुम्ही म्हणालात. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ला आला, देशभर २००५ला. तरी माहेर तुटू नये म्हणून सही करणाऱ्या बहिणी आजही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांगेत उभ्या असतात, हे तुम्ही रोज बघितलेलं. ‘नुसते कागद चाळत बसते’ म्हणणाऱ्या ताईंनी ती झेरॉक्स बराच वेळ हातात धरली होती. नंतर त्यांनी स्वतःच्या सहीबद्दल जे सांगितलं ते गटातच राहू दे. पण आमच्याकडे त्या इतकं मोकळं पहिल्यांदाच बोलल्या, आणि समोर तुम्ही होतात म्हणून बोलल्या.

कलकत्त्याच्या भागावरही तुम्ही बोललात. पाळीच्या दिवसांत सुनेला कोंदट खोलीत वेगळं बसवणारी सासू, हात उगारणारा नवरा, आणि एवढं सोसून शेवटी घटस्फोट नाहीच. फक्त विभक्त राहायची परवानगी! आमच्यातल्या काहींना हे ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं होतं. तुम्ही १८६५चा पारशी विवाह आणि घटस्फोटाचा कायदा उलगडलात. नुसत्या क्रौर्यावर बाईला घटस्फोट मागता येत नव्हता, आणि नवरा वेश्येकडे गेला तर तेवढं कारण पुरत नव्हतं. हे कायद्यातच लिहिलेलं होतं. १९३६ साली नवा कायदा येईपर्यंत असंच चाललं. परवीनला त्या तिघींची अडचण चटकन का कळते, याचं उत्तर कलकत्त्यातच आहे. आता तो भाग उपरा वाटत नाही.

आणि कॉर्नेलिया सोराबजी! लेखिकेने परवीन रचताना ज्या दोघींचा आधार घेतला, त्यांतल्या मिठन टाटांचं नाव आमच्यातल्या एकदोघांनी ऐकलं होतं, मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या बाई बॅरिस्टर म्हणून. पण कॉर्नेलिया आपल्या नाशिकच्या, १८६६ साली इथे जन्मलेल्या, हे नाशिकमध्ये बसून आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. पुण्याचं डेक्कन कॉलेज, मग ऑक्सफर्ड, १८९२ साली तिथली कायद्याची परीक्षा. पदवी मात्र हातात नाही, कारण ऑक्सफर्ड १९२०पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हतं. १९०४पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या, म्हणजे अज्ञान वारसांच्या आणि विधवांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या वतीने पडद्यातल्या राण्यांकडे आणि विधवांकडे जाऊन त्यांच्या मिळकतीचे प्रश्न ऐकायचे, हे त्यांचं कामच होतं. आम्ही ज्याला लेखिकेची कल्पना समजत होतो ते एका नाशिककर बाईने नोकरी म्हणून वर्षानुवर्षं केलेलं होतं. हे ऐकताना मला फार अभिमान वाटला, आणि शाळेत कोणी सांगितलं कसं नाही म्हणून चुटपुटही लागली.

आणखी एका गोष्टीचे आभार मला मानायचे आहेत. तुम्ही कोणाचंही मत खोडून काढलं नाहीत. काकांना म्हणालात, सुरुवात संथ आहे, शेवटी धावपळही होते, तुमचं म्हणणं बरोबर आहे. जेवणाखाण्याच्या वर्णनाची तक्रारही तुम्हाला पटली. कॉलेजातली मुलगी म्हणाली की ॲलिस कथेत आहे ती केवळ तिचे वडील गव्हर्नरच्या सल्लागारांत आहेत म्हणून, अडलेलं दार उघडायला. त्यावर तुम्ही तिलाच विचारलंत, शिकलेल्या हिंदुस्थानी बाईला सरकारदरबारी जायला गोरी मैत्रीण लागावी, यात लेखिकेची सोय किती आणि १९२१चं वास्तव किती? त्यावर ती आणि काका अजून वाद घालतात. घालू देत. पूर्वी वाद चढला की दोघंही पुस्तक मिटून बसायचे, आता पान उघडून दाखवतात.

तुम्ही गेल्यापासून गटात बरंच काही हललं आहे. दोघीजणी तलाठी कार्यालयात जाऊन आपापल्या माहेरच्या जमिनीचा सातबारा आणि फेरफार काढून आल्या. त्यांना तुमचा सल्ला हवा आहे, पण फोन करायला संकोच वाटतो. म्हणून त्यांच्या वतीने मीच इथे विचारते, कधी भेटायला यावं?

पुढच्या वेळी आम्ही परवीनचंच दुसरं पुस्तक घेतो आहोत, ‘द सातापूर मूनस्टोन’, २०१९चं. त्यात सह्याद्रीतलं एक कल्पित संस्थान आहे, आणि तिथेही पडद्यातल्या राण्यांकडे परवीनलाच पाठवावं लागतं. संस्थानी कायद्याबद्दल आमचे प्रश्न आत्ताच जमायला लागले आहेत. तुम्हाला सवड होईल तो रविवार आम्हाला चालेल. तुमची पेन्सिलीच्या खुणांची प्रत माझ्याकडेच राहिली आहे. गटातल्या तिघांनी त्या खुणा आपल्या पुस्तकांत उतरवून घेतल्या, आता चौथीचं चाललं आहे. तिचं झालं की मी स्वतः घरी आणून देते.

आपली कृतज्ञ,
वाचनगटातली एक सभासद, नाशिक